पद्माक्का पुसत नाही

पद्माक्काबद्दल चांगलं बोलणारे आमच्या गल्लीत घरोघरी आहेत, त्यामुळे ते काम मी करायची गरज नाही. मी आधी वाईट ते सांगते. एक म्हणजे ती चिकट. तिच्या घरी चहा मिळायचा तो अर्धा कप, आणि तोसुद्धा "पुरे का?" असं विचारून, म्हणजे पुरे म्हणावंच लागायचं. पार्सलची सुतळी, मिठाईच्या खोक्याची रबरं, शर्टाच्या घडीतल्या टाचण्या, असं सगळं तिच्याकडं जपून ठेवलेलं असायचं. दुसरं म्हणजे ती कधी चुकायची नाही. आणि चुकत नाही हे तिला माहीत होतं, हे त्याहून वाईट. तिसरं म्हणजे गल्लीत कुणाला काही जुनं, विसरलेलं, हरवलेलं हवं असलं की तो माणूस माझ्या दारावरून पुढं जायचा आणि तिच्या दारात चप्पल काढायचा. मी दारात उभी असले तरी.

ती आता भिवंडीला मुलाकडं असते. ठणठणीत आहे, म्हणून तर हे मोकळेपणानं लिहिते आहे.

आमची गल्ली सोलापुरात पूर्व भागात. एकेकाळी घराघरात माग होते आणि दिवसभर खटखट चालायची. मैंदर्गीहून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिले काही महिने मला नीट झोप लागली नव्हती. आता बहुतेक माग बंद पडले, आणि गल्ली एकाच आवाजाची वाट बघत बसते. नळाचा. आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं. कुठल्या दिवशी ते साधारण ठाऊक असतं, पण किती वाजता ते कुणालाच ठाऊक नसतं. लग्न असो, परीक्षा असो, पाहुणे असोत, घरातलं एक माणूस नळापाशी राहिलेलं असतं.

आमचं घर गल्लीच्या उताराला, त्यामुळे पाणी सगळ्यांत आधी आमच्या नळाला. ते आलं की गल्लीला सांगायचं काम आमच्या ह्यांनी घेतलं होतं. हे कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. लोखंडावर लोखंड आपटत असताना पलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय जन्माची लागलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ह्यांनी घरात कुजबुजलेलं चार घरं ऐकू जायचं. गल्लीचा पाण्यापुरता ग्रुप निघाला तेव्हा ह्यांना टाईप करायला जमेना. बोट एकावर ठेवलं की तीन अक्षरं उठायची. मग हे फोन तोंडापुढं आडवा धरायचे आणि ओरडायचे, "पाणी आलं हो! भांडी लावा!" निम्म्या गल्लीला ते थेट ऐकू जायचं. उरलेल्या निम्म्या गल्लीला ग्रुपवरून जायचं. मी म्हणायची, "फोन कशाला हवा तुम्हाला? दारात उभं राहा की नुसतं." सगळी गल्ली ह्यांना अण्णा म्हणायची, आणि पाणी म्हणजे अण्णा असं समीकरणच झालं होतं.

ह्या ग्रुपात एक खोट होती. टाईप केलेल्या मेसेजची वेळ आपण बघतो तरी. आवाज वाजला की वेळ कोण बघतंय? माणूस आधी पाइप शोधतो. एकदा हे पेन्शनच्या कामाला कुर्डुवाडीला गेले होते. दुपारी मी फोन उघडला, वरच दिसलेला मेसेज लावला, तर "पाणी आलं हो!" मी धावत जाऊन मोटर लावली. नळाला लावलेली मोटर सगळ्यांकडं असते, त्यावर कुणी कुणाशी बोलत नाही. घरातलं आवरून परत येते तो जळका वास. मेसेज मागच्या पाण्याचा होता आणि मोटर कोरडीच फिरून जळाली होती. शेजारच्या शिंदेकाकूंनी तर असाच एक मेसेज ऐकून साबण लावलेल्या नातवाला नळाखाली नेऊन बसवलं होतं.

तेव्हा नियम मी केला. पाणी गेलं की मेसेज पुसायचा, ज्यानं त्यानं आपापल्या फोनवरून. शिळा मेसेज ठेवायचा नाही आणि वाजवायचाही नाही. सगळ्यांना पटलं. गल्लीत एखादी गोष्ट मी सुचवावी आणि ती सगळ्यांना पटावी असं क्वचित होतं, म्हणून मला तो दिवस चांगला आठवतो. आणि पद्माक्का काय म्हणाली तेही आठवतं.

"मी पुसणार न्हाई," ती म्हणाली.

"अगं अक्का, गेलेल्या पाण्याचा मेसेज ठेवून काय त्याची कढी करणार?"

"ठेवते की. तुला काय त्रास?"

"फोन भरतो ना."

"भरला तर दुसरा घेते."

दुसरा म्हणजे दुकानातला नव्हे. पद्माक्काचे फोन म्हणजे लोकांनी टाकायला काढलेले. काच तडकलेला, मागचं झाकण रबरानं धरलेला, बोललेलं पलीकडं ऐकू न जाणारा. कुणी नवीन घेतला की ही जुना मागून आणायची. "बोलायला नको, सिम नको, बिल नको," असं म्हणायची. "ह्याला नुसतं ध्यानात ठेवायचं काम." एक फोन गल्लीच्या ग्रुपचा, एक माहेरच्यांचा, एक भिशीच्या बायकांचा. प्रत्येकाला टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून ती एका स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि डबा कपाटावर. पूर्वी त्यात दिवाळीच्या चकल्या असायच्या.

मुलानं तिला भिवंडीहून फोनवर समजावलं होतं, की मम्मी, महिन्याला थोडे पैसे भरले की सगळं वर क्लाउडवर आपोआप साठतं, डबा कशाला? ती म्हणाली, "भाडं? माझ्याच बोलण्याचं भाडं मी भरू? आणि एक महिना न्हाई भरलं तर सामान बाहेर काढतील का?" त्या मुलाला उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नसतं, पण मी ते तिला कळू दिलं नाही.

तिचं साठवणीचं काम अमावस्येला. तिच्या वडिलांच्या घरी अमावस्येला माग बंद असायचा आणि त्या दिवशी मागे पडलेली कामं उरकायची असायची. माग गेले तरी तिची अमावस्या राहिली. दुपारी जेवणं झाली की ती खाली चादर अंथरायची, डबा उतरवायची, एकाच चार्जरवर एकेका फोनला पाळीपाळीनं पाजायची. ग्रुपवरचं लिहिलेलं सगळं बोलणं एकगठ्ठा करून स्वतःच्याच मेलवर पाठवायची. आवाज निराळे काढून मेमरी कार्डावर घालायची, आणि ते कार्ड दुसऱ्या फोनात घालून तिथंही उतरवायची. "एक हितं, एक तितं," असं पुटपुटत. त्या वेळी कुणी गेलं तर "बस की" म्हणायची, पण चहा नाही.

नुसतं साठवणं मीही समजू शकले असते. माझ्या आत्यानं आयुष्यभर रिकाम्या बाटल्या साठवल्या. पण पद्माक्काला साठवलेलं सापडायचंसुद्धा, आणि तेही बोलता बोलता. त्याचं कारण तिची गाठ.

आमच्या ग्रुपात एक जण मराठीत लिहितो, दुसरा मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, तिसरा निम्मं तेलुगूत, आणि आमच्या ह्यांच्यासारखे बोलूनच मोकळे. असल्या खिचडीत काही शोधायचं म्हटलं तर फोनला तरी काय सापडणार? पद्माक्का लहानपणी घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायची. धागा तुटला की दोन्ही टोकं धरून गाठ मारायची, म्हणजे पुढं काम चालू, आणि चादरीवरून बोट फिरवलं की कुठं तुटलं होतं ते कळतं, असं ती सांगायची. तसंच तिनं इथं केलं. ध्यानात ठेवण्यासारखा मेसेज दिसला की त्याच्याखाली ती उत्तर लिहायची, "गाठ पाणी." "गाठ लग्न." "गाठ दवाखाना." पुढं कधीही तेवढे दोन शब्द शोधले की सगळ्या गाठी ओळीनं हजर, आणि गाठीवर बोट ठेवलं की तिच्या वरचा मूळ मेसेज, आवाज असला तरी. गल्ली आधी हसली. कुणी आपली आजी आजारी आहे म्हणून कळवावं आणि हिनं खाली लिहावं "गाठ आजी." मग गल्लीला सवय झाली. "गाठ भांडण" अशाही होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या, हे मला शिंदेकाकूंनी सांगितलं.

आमच्या ह्यांना ह्या गाठीचं फार कौतुक. पाण्याचा मेसेज टाकला की थोड्या वेळानं दारात उभे राहून वरच्या अंगाला आवाज द्यायचे, "अक्का, मारली का गाठ?" तिकडून ती, "मारली, अण्णा!" मी आत पोळ्या लाटत असायची. मी मटकीला घातलेल्या फोडणीचं ह्यांनी कधी एवढ्या मोठ्यानं कौतुक केलं नव्हतं. मी काही संशय घेत नव्हते. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, रीतसर भांडता तरी आलं असतं.

तिचं एक वाक्य होतं. कुणी "मी असं म्हटलंच नव्हतं" असं म्हणालं की ती चष्मा नाकावर ओढायची आणि शांतपणे म्हणायची, "म्हटलेलं हाय. ऐकवू का?" बहुतेक जण तिथंच गप्प व्हायचे. मी गप्प बसले नाही ती शिंदेकाकूंच्या मुलीच्या लग्नात.

लग्न अकलूजला होतं. गल्लीची बस करायची, आणि सगळ्यांना वेळ कळवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. त्या दिवशी बस दारात सातला उभी राहिली, मी साडी नेसून सातला उभी राहिले, आणि गल्ली आठपर्यंत एकेक करून केस विंचरत येत राहिली. नवरीची आई बसमध्ये अडकलेली, तिकडून मुलाकडच्यांचे फोनवर फोन. शिंदेकाकू रडकुंडीला आल्या. मी सगळ्यांना झाडायला सुरुवात केली. सात सांगितलं होतं, स्पष्ट सात सांगितलं होतं, कुणाला कानच नाहीत. पद्माक्का दुसऱ्या बाकावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये तो तडकलेला फोन.

"सुमन, आठ म्हटलेलं हाय. ऐकवू का?"

"ऐकव!" मी म्हणाले. तोल गेला की माझ्या तोंडात माहेरचं कानडी येतं, तसंच काहीसं पुढं बोलले.

तिनं दोन शब्द शोधले आणि फोन वर धरला. सगळ्या बसमध्ये माझा आवाज घुमला, लाडात आल्यासारखा, "सगळ्यांनी बरोब्बर आठला बसपाशी यायचं बरं का, उशीर चालणार नाही." ड्रायव्हरसुद्धा हसला. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे हे. वर म्हणाले, "अक्का, हिला घरातबी अशी एक गाठ मारून देता का?" मी अकलूज येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. लग्नात जिलेबी होती, ती मी खाल्ली नाही.

तर अशी ही बाई. लोकांची बाळं पहिल्यांदा काय बोलली, कुणाची शस्त्रक्रिया कुठल्या डॉक्टरनं केली, कुणाच्या चटणीत लसूण किती, सगळं हिच्या डब्यात. गल्लीत मी तिच्या आधी आले, गल्लीच्या सुनांची बाळंतपणं मी निस्तरली, आणि आठवण विचारायची झाली तर पद्माक्काला. मला हे सलायचं. अजून सलतं.

मग हे गेले. उन्हाळ्यातली दुपार होती, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यावर मी इथं जास्त लिहिणार नाही. सुतकाचे दिवस चालू असतानाच नळाला पाणी आलं, आणि गल्लीत कुणाला कळलंच नाही. माझं घर माणसांनी भरलेलं, नळाकडं लक्ष कुणाचं? निम्म्या गल्लीचं पाणी चुकलं. संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन बायका दारात आल्या आणि तशाच पायरीवर बसून रडल्या. सांत्वनाला आल्या होत्या तेव्हाही कुणी तशा रडल्या नव्हत्या.

पुढं महिन्याभरानं असेल, एका दुपारी मला ह्यांचा आवाज ऐकावासा वाटला. नुसता आवाज. मी फोन उघडला. माझा फोन म्हणजे घासून पालथं घातलेलं भांडं. नियम माझा, आणि तो पाळायची शिस्तही माझीच कडक. ग्रुपात कालचंसुद्धा काही नव्हतं. फोटो होते, ढीगभर. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत हे होते, पण तोंडात श्रीखंड, आणि हातानं नुसतं "पुढं जा" म्हणत होते. मुलगा पुण्याला असतो. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आई, मी तर बाबांशी रोज बोलायचो, ते कुठं ठेवलं जातं का?" मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं फोन उलटासुलटा करून परत दिला. "मावशी, पुसलं ते गेलं. ग्रुपातल्या कुणाकडं तरी असंल की, त्यांना मागा."

कुणाकडं आहे ते मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं.

माझ्या नवऱ्याचा आवाज चार दारं पलीकडं, चकल्यांच्या डब्यात, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला होता आणि मी इथं भिंतीवरच्या फोटोपुढं उदबत्ती लावत होते. संसार मी केला. ह्यांचे डबे मी भरले, गाडी चुकू नये म्हणून अंधारात उठून भाकऱ्या मी थापल्या. आणि ह्यांचं उरलेलं जे काही, ते तिच्याकडं. मला तो आवाज हवा होता. पण पद्माक्काकडं जाऊन "दे" म्हणायचं, हे मला जमेना. अकलूजच्या बसमधली ती चष्म्यावरची नजर डोळ्यांपुढं यायची.

मी काहीतरी निमित्त काढून तिच्याकडं जायला लागले. विरजण दे. सुई आहे का? जिरं संपलं. ती द्यायची. "बस की," म्हणायची. अर्धा कप चहा. मी बसून कपाटावरच्या डब्याकडं बघायची आणि ती माझ्याकडं.

"आणि काय हवं होतं?"

"काही नाही. विरजणच."

तिला कळत नव्हतं का? सगळ्या गल्लीचं अंतरंग गाठीत बांधणाऱ्या बाईला एवढं कळू नये? एकदा आपण होऊन म्हणाली असती, "सुमन, घे गं," तर काय बिघडलं असतं? मी घरी येऊन तिच्यावर चरफडायची. त्या दिवसांत आमच्याकडं इतकं दही साठलं की मी रोज कढी करायची आणि एकटीच खायची.

मग ती अमावस्या आली. मी किराणा आणायला निघाले होते. तिच्या खिडकीखालून जाताना कानावर आलं, "पाणी आलं हो! भांडी लावा!"

मी जागीच थांबले. पुन्हा एकदा आलं, पण निराळं. मध्ये खोकला होता. मग तिसरं, त्यात मागून आमच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. ती एकामागून एक लावत होती. आरामात बसून माझ्या नवऱ्याला ऐकत होती! मी चपलांसकट आत शिरले.

"माझ्या नवऱ्याला काय ऐकत बसलीस गं? साकु! पुरे! बंद कर ते!"

ती चादरीवर बसली होती, पुढ्यात सगळे फोन. तिनं वर बघितलं. "चप्पल बाहेर काढ. मग बोल."

मी काढली. राग तसाच धरून काढली.

"गाठी तपासतेय," ती म्हणाली. "अण्णांचं सगळं एका कार्डावर घातलंय. तू मागशील तवा तयार असावं म्हणून."

"मी मागणार असं कुणी सांगितलं तुला?"

"इतकं विरजण कोण नेतं?"

मी म्हणाले, "मग दिलं का नाहीस?"

"न मागता दिलं असतं तर तू रागानं पुसलं असतंस."

हे तिचं बोलणंसुद्धा बरोबर होतं. मला त्याचाही राग आला. मी खाली बसले. तिनं जवळचा तडकलेला फोन घेतला, दोन शब्द शोधले आणि माझ्यापुढं धरला. वर लिहिलं होतं, "गाठ सुमन." खाली गाठींची ओळच्या ओळ.

"माझ्या नावाची गाठ?"

"हाय की. अण्णा पाण्यातबी तुझं कायतरी बोलायचे. हे ऐक."

तिनं बोट ठेवलं. आधी नुसता श्वास, मग ह्यांचा आवाज. ओरडणारा नव्हे. दबका, घशातल्या घशात, हात आडवा धरून बोलल्यासारखा. "पाणी आलं हो. भांडी हळू लावा जरा. सुमनला रातभर ताप होता, आत्ता कुठं डोळा लागलाय. आमच्या दारावरनं घागरी वाजवत जाऊ नका."

मला तो ताप आठवत होता. उठले तेव्हा उजाडून गेलेलं, पाणी भरून झालेलं, आणि मी ह्यांना बोलले होते की मला उठवलं का नाही, सगळं अंगण ओलं करून ठेवलंय. मग नेहमीच्या शिस्तीनं फोन घेतला आणि ग्रुप पुसला, न ऐकताच.

अशा वेळी माणसाला रडू यावं. मला आधी मत्सर वाटला. हा आवाज माझ्यासाठी काढलेला होता आणि मी सोडून सगळ्यांनी ऐकला होता. त्या दिवशी गल्ली घागरी उचलून, पाय न वाजवता माझ्या दारावरून गेली असणार. सगळ्यांना ठाऊक होतं की ह्या माणसाला एवढं हळू बोलता येतं. इतक्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. आणि पद्माक्कानं तर तो आवाज अमावस्येच्या अमावस्येला हाताळला होता. रडू त्यानंतर आलं. थोड्या वेळानं चहा घेऊन आली, भरून कप.

कार्ड तिनं माझ्या तळहातावर ठेवलं, नखाएवढं. मी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि म्हणाले, "आता तुझ्याकडचं पुस."

"न्हाई."

"अक्का, मी मागते आहे. ते माझं आहे. तुझ्याकडं राहता कामा नये."

"पुसणार न्हाई."

"नवरा माझा होता!"

"नवरा तुझा. मेसेज ग्रुपचा."

मी उठून उभी राहिले. ती बसल्याजागी फोन पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळत होती. म्हणाली, "सुमन, आमचे हे गेले तवा असले फोन न्हवते. काय काय बोलायचे, सगळं ध्यानात हाय. आवाज न्हाई. किती आठवायला बसले तरी सगळं माझ्याच आवाजात ऐकू येतं. उद्या तुझं कार्ड बिघडलं तर कुणाच्या दारात जाशील? एक हितं, एक तितं."

तिचं म्हणणं मला समजलं. समजलं म्हणून पटलं असं नाही. तिच्याकडं स्वतःच्या नवऱ्याचा आवाज नव्हता, म्हणून माझ्या नवऱ्याचा तिनं ठेवायचा, हा कुठला न्याय? मी निघून आले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. दही विकतचं आणायला लागले.

काही महिन्यांनी कळलं की ती चालली. भिवंडीच्या मुलानं हट्ट धरला होता, गुडघे दुखतात, एकटी किती दिवस राहणार. घर भाड्यानं दिलं. गल्लीनं तिला एक एक करून जेवायला बोलावलं, शेंगाचटणी, कडक भाकऱ्या बांधून दिल्या. मी बोलावलं नाही. तीही आली नाही.

जायच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. बाहेर रिक्षा येऊन थांबल्याचं ऐकू आलं. सामान चढवल्याचं, शिंदेकाकूंच्या रडण्याचं, कुणीतरी "सुमनताई कुठायत?" विचारल्याचं. माझं नाव निघालं आणि मी मेथीची जुडी आणखी जवळ ओढली. जाऊ दे. माझा नवरा डब्यात घेऊन चालली आहे, तिला हात हलवून निरोप कशाला द्यायचा?

आणि मग बाहेरून, पूर्ण आवाजात, "पाणी आलं हो! भांडी लावा!"

मी कधी उठले ते मला कळलं नाही. मेथी जमिनीवर, पाइप टाकीत, एक हात नळावर आणि दुसरा मोटरच्या बटणावर. नळ फिरवला. आत नुसती हवा फुसफुसली. कोरडा. बटणावरचं बोट तसंच राहिलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

टाकीतला पाइप ओढून हातात घेतला आणि मी तशीच बाहेर आले. गल्लीभर बायका दारात उभ्या, कुणाच्या हातात बादली, कुणाच्या घागर. शिंदेकाकू तर आत्ता रिक्षापाशी रडत होत्या, त्याही कुठून तरी कळशी घेऊन आल्या होत्या. सगळ्या एकमेकींच्या हातातल्या भांड्यांकडं बघत हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या. रिक्षात पद्माक्का बसली होती. सामान मागं कोंबलेलं, पण डबा मांडीवर, आणि हातात तो तडकलेला फोन उंच धरलेला.

"आलीस की बाहेर!" ती म्हणाली.

"शिळा मेसेज वाजवायचा नाही असं ठरलंय!" मी ओरडले.

तिनं चष्मा नाकावर ओढला. "ठरलंय. ऐकवू का?"

रिक्षा सुरू झाली. तिनं फोन टॉवेलमध्ये गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. मला हात करायला तिचा एकही हात मोकळा उरला नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळेपर्यंत मला डब्याचं चकाकतं झाकण दिसत होतं. माझा नवरा तिच्या मांडीवर बसून भिवंडीला चालला होता आणि मी हातात कोरडा पाइप घेऊन दारात उभी होते.